बाबांचं पाऊल

सोमवार, ३

डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही, जे आहे ते डोक्यात आहे, ते कागदावर उतरवा. बायकोने लगेच ही वही आणून दिली. "आमचे कान किटले, आता हिला सांगा," म्हणाली. तर सांगतो.

कचेरीत माझ्या टेबलावर आठ वाड्यांची यादी आहे. जुन्या शिरगणतीत आठही वाड्या आहेत, आजच्या कुठल्याच नकाशावर नाहीत. माणसं उठून गेली, घरं बसली, आणि ज्या नकाशांवर त्या होत्या त्यांचा वरच्या मजल्याचं छप्पर गळून लगदा झाला. उरल्या त्या मोजणीवह्या. त्यांच्यावरून दोन वर्षांत मी सात वाड्यांच्या जागा शोधल्या. कुठे चौथरा सापडला, कुठे बुजलेली विहीर. राहिली आठ नंबरची. साहेबांनी आज सांगितलं, शुक्रवारी अठ्ठावीसला यादी बंद. तोवर जी सापडणार नाही तिच्यापुढे 'आढळ नाही' असा शेरा मारायचा आणि पाणचक्कीमागची टेकडी दगडाच्या खाणीला देऊन टाकायची.

बाहेर बाकावर शिंपीकाका बसले होते. दर सोमवारी बसतात. वय बासष्ट, गळ्यात टेप तसाच. आठ नंबरमध्ये जन्मले. विहिरीचं पाणी कडू झालं आणि वाडी उठली तेव्हा सहा वर्षांचे होते. त्याच वर्षी त्यांची आई गेली, तिला घराच्या मागे पुरलं. वडील पुन्हा कधी तिकडे फिरकले नाहीत आणि रस्ता त्यांच्याबरोबरच गेला. काकांना एवढंच हवं आहे, की यंत्रं लागायच्या आत ती जागा सापडावी. मी आज पुन्हा विचारलं, वाडीचं नाव तरी आठवतं का? म्हणाले, "वाडीच म्हणायचो साहेब. दुसरी कुठे होती, की नाव लागावं?"

ते तगादा लावत नाहीत, नुसते बसतात. तगादा लावला असता तर मला चिडता तरी आलं असतं.

बुधवार, ५

आठही वाड्या माझ्या बाबांनी मोजल्या आहेत. हे मी कोणी न विचारताही सांगतो, असं बायकोचं म्हणणं. पण सांगण्यासारखंच आहे ते. त्या काळी डोंगरात साखळी नेता येत नसे, तेव्हा मोजणीदार पावलांनी मोजत. शंभर पावलं झाली की उजव्या खिशातला खडा डाव्या खिशात. पण पाऊल मात्र पक्कं लागतं, चढावर आखूड नाही की उतारावर लांब नाही. बाबांचं पाऊल अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर होतं. तेवढ्या लांबीची लाकडी पट्टी आमच्या कचेरीत त्यांच्या फोटोखाली टांगलेली आहे. सात वाड्या मी त्या पट्टीवर शोधल्या आणि एकही पन्नास मीटरच्या पलीकडे चुकली नाही.

आठव्या वहीत लिहिलंय: तीन कमानींच्या पुलापासून पाणचक्की एकवीसशे पावलं. तिथून डोंगराच्या धारेने वाडी सात हजार चारशे. अक्षर बाबांचंच, टपोरं. नोकरी लागल्यावरची ही त्यांची पहिलीच वही. हिशेब केला तर पाणचक्की आज आहे तिथून अर्धा किलोमीटर पुढे, नांगरलेल्या शेतात पडते. म्हणजे मधल्या काळात पाणचक्की हलवली असणार. वाडीच्या नोंदीशेजारी समासात लिहिलंय, 'इथून पुढे नऊच.' नऊ घरं असावीत. मी तसं टिपून ठेवलं.

जेवताना पाणचक्कीचं बोललो. आई म्हणाली, "ती कशी हलेल? तिचा कणा खडकात बसवलाय." मी म्हटलं, तू कधी बघितलीस? तिने ताट उचललं आणि आत गेली. ऐंशीला आलेल्या बाईशी पाणचक्कीवरून वाद घालण्यात अर्थ नव्हता.

सोमवार, १०

कचेरीची गाडी घेऊन गेलो. बरोबर टाचणी होता. माझा सहकारी आहे, अंगाने तसाच आणि स्वभावानेही, कुठलाही कागद टोचल्याशिवाय सोडत नाही. आजच्या पाणचक्कीपासून धारेने पाच किलोमीटर सातशे बहात्तर मीटर गेलो. तिथे उघडा कातळ. चौथरा नाही, खापर नाही, पाण्याची खूण नाही. टाचणी म्हणाला, "इथे नऊ घरं? इथे नऊ शेळ्या राहायच्या नाहीत."

साहेबांना खाणीचा कागद पुढे ढकलायचा होता. खाणीची हद्द पाणचक्कीपासून तीन किलोमीटरवर सुरू होते आणि पाचवर संपते. त्यांनी विचारलं, वाडी जिथे कुठे असेल ती हद्दीच्या बाहेरच ना? मी हो म्हटलं. तसं लिहूनही दिलं, सहीनिशी. वहीप्रमाणे ते बरोबरच आहे. तरी सही केल्यापासून त्याची प्रत दोनदा काढून वाचली.

बुधवार, १२

शिंपीकाका आज बुधवार असून आले. खाणीला कागद गेल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. मी त्यांना कातळाचं वर्णन सांगितलं. त्यांनी मान हलवली. "आमच्या दारातून पाणचक्कीचं छप्पर दिसायचं साहेब. आई मला त्यावरून वेळ सांगायची, छपरावर ऊन आलं की ऊठ."

मी म्हटलं, लहान मुलाच्या आठवणीत लांबचं जवळ येतं. मग ते म्हणाले, "मोजायला बाई आली होती. राखाडी कोटातली. मला तिची आठवण आहे." आता काय बोलावं? मोजणीदार बाई त्या काळी औषधालाही नव्हती. मोजायला माझे वडील आले होते, त्यांच्या हातची वही माझ्याकडे आहे. मी ते शक्य तितक्या मऊपणाने सांगितलं. त्यांच्यापुढे मला उगाचच खोटं बोलल्यासारखं वाटलं.

जेवताना हा किस्सा मी हसतहसत सांगितला. आईच्या हातून भाजीचा डाव खाली पडला. डाव तसाच ठेवून तिने विचारलं, "त्याची आई कशी आहे?" मी म्हटलं, अगं तो सहा वर्षांचा असतानाच वारली ती. आई पानावरून उठली आणि तिने खोलीचं दार लावून घेतलं. बायको माझ्याकडे बघत राहिली. तिचंही पोट बिघडलं असावं. या घरात सगळ्यांचीच पोटं नाजूक.

सोमवार, १७

दुसरी खेप, तीही फुकट. यावेळी पाणचक्की पूर्वी जिथे असणार त्या शेतातून मोजत निघालो, म्हणजे आणखी अर्धा किलोमीटर पुढे. शेतमालकाला विचारलं, इथे कधी पाणचक्की होती का? त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "पाणी कुठाय?"

येताना बघितलं, खाणवाल्यांनी अलीकडच्या उतारावर लाल झेंडे रोवायला घेतलेत. त्यांचा इंजिनिअर भला माणूस आहे. त्याने मला हात केला, पाणी विचारलं. यंत्रं अठ्ठावीसच्या संध्याकाळी चढणार म्हणाला.

घरी आलो तर आई व्हरांड्यात चालत होती. गुडघा दुखतो तरी रोज हजार पावलं चालते, तुरुतुरु, आणि ओठातल्या ओठात मोजते. पलीकडे खुर्चीवर वाटीत शेंगदाणे, शंभर झाली की एक दाणा दुसऱ्या वाटीत. थांबून म्हणाली, "पुलापासून पाणचक्कीपर्यंत तू टेप लावून बघितलंस का?"

मी भडकलो. म्हटलं, सात वाड्या बरोबर निघाल्या, आणि आठवीला मी बाबांच्या मोजणीवर टेप लावू? जन्मभर पायपीट केली त्यांनी, आता मेल्यावर त्यांची परीक्षा घेऊ? ती म्हणाली, "परीक्षा त्यांची नाही रे." आणि पुन्हा मोजायला लागली. मी आईवर आवाज चढवला याची आता लाज वाटतेय. अकरा दिवस उरले.

गुरुवार, २०

शिंपीकाकांनी आज एक पुडी आणली. आत बटण. शिंगाचं, राखाडी, चार भोकांचं, कडेला एक टवका उडालेला. ती बाई त्यांच्या घरी थांबली होती, हे रडत होते तेव्हा तिने खिशातून काढून दिलं म्हणे. वाडीतून त्यांच्याबरोबर आलेली एवढी एकच वस्तू. "पुरावा म्हणून चालेल का?" म्हणाले.

बटणाने काय सिद्ध होणार? पण नाही म्हणवेना. टाचणीने ते कागदाला टोचून पावती करून दिली, त्याला फार बरं वाटलं. मी ते घरी आणलंय, उद्या भिंगाखाली बघेन. टेबलावर ठेवलंय. आई जाता-येता दोनदा थांबली त्याच्यापाशी. चष्मा नसताना काय दिसलं कोण जाणे.

शुक्रवार, २१

आज लिहवत नाही.

शनिवार, २२

काल कचेरीला निघालो तेव्हा आईने टेबलावर तिचा जुना कोट पसरून ठेवला होता. बाबा गेल्यापासून ती तो घालत नाही. राखाडी. पुढे एकही मूळ बटण नाही, सगळी वेगवेगळी, लहानपणी मी तिला त्यावरून चिडवायचो. त्याच्या खिशातून तिने नऊ बटणं काढून ओळीने मांडली. शिंगाची, चार भोकांची. शेवटी शिंपीकाकांचं दहावं ठेवलं.

मी कोट बघितला, बटणं बघितली आणि तरी विचारलं, हे काय? एवढा मी हुशार.

ती म्हणाली, "बस." मग सांगितलं. बाबांना नोकरी लागून तीन आठवडे झाले होते. शिडीवरून पडले, मांडीचं हाड मोडलं. कच्ची नोकरी, मोजणी त्या महिन्यात झाली नसती तर दुसरा माणूस घेतला असता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. म्हणून ती गेली. पुलापासून वाडीपर्यंत आणि परत, चार दिवस. खडे जड होतात म्हणून कोटाची बटणं काढून खिशात टाकली. रात्री येऊन आकडे सांगायची आणि बाबा पलंगावर पडल्या पडल्या वहीत उतरवायचे. वाडीत एक बटण दिलं, तेव्हा परतीच्या मोजणीला दहाऐवजी नऊ उरली. सगळी बटणं खिसा बदलून झाली की एक फेरी, तो हिशेब चुकू नये म्हणून बाबांनी तसं लिहून ठेवलं. इथून पुढे नऊच.

मी नऊ घरं लिहिली होती. "घरं अकरा होती," आई म्हणाली.

मी विचारलं, मग इतकी वर्षं गप्प का बसलीस? म्हणाली, "त्यांना शब्द दिला होता. आणि नंतर तू ती पट्टी भिंतीला लावलीस."

तिचा राग आला. बाबांचाही आला. मी तिला म्हटलं, निदान बारा तारखेला तरी बोलायचंस. ती म्हणाली, "बोलणारच होते. त्याची आई गेली म्हणालास आणि माझ्याने बोलवेना."

सोमवार, २४

सकाळी पुलापासून पाणचक्कीपर्यंत टेप लावला. शेतात नाही, आज आहे त्याच पाणचक्कीपर्यंत. अकराशे चौतीस मीटर. भागिले एकवीसशे. चोपन्न सेंटिमीटर. आईचं तेवीस वर्षांच्या वयातलं पाऊल.

सात हजार चारशे पावलं म्हणजे चार किलोमीटरला चार मीटर कमी. ही जागा खाणीच्या हद्दीच्या बरोबर मध्यावर येते, आणि ती हद्दीबाहेर आहे असं माझ्या सहीने मी लिहून दिलंय.

आता जे लिहितो ते कोणाला दाखवणार नाही. आज दिवसभर मी गप्प राहण्याचा विचार केला. चार दिवसांनी यादी बंद होईल. सात वाड्या सापडल्या, माझं कौतुकच आहे. बोललो तर साहेब विचारणार, सात वाड्यांना अठ्ठ्याहत्तर आणि आठवीला चोपन्न, हे कुठून आणलंत? मग सांगावं लागेल की बाबांनी दुसऱ्याच्या मोजणीवर आपली सही केली. त्यांचा फोटो उतरेल. माझ्या दहा तारखेच्या कागदाचं काय होईल ते तर वेगळंच. हे सगळं ठरवत असताना बाहेर बाकावर शिंपीकाका बसले होते, कारण आज सोमवार. मी मागच्या दाराने जेवायला गेलो.

मंगळवार, २५

आईला विचारलं, काय करू? वाटलं होतं म्हणेल, तुझं तू बघ. म्हणाली, "शब्द ज्यांना दिला ते गेले. आता मोडला तर रागवायला कोण आहे?" मग म्हणाली, "आणि रागावले तर मी बघून घेईन. सवय आहे मला."

बायकोने कोट इस्त्री करून ठेवलाय. मी विचारलं, कशाला? "आई गाडीतून काय तशाच जाणार आहेत?" म्हणाली. या बायकांचं आधीच ठरलं होतं.

बुधवार, २६

सगळं लिहून दिलं. दोन पानं. साहेबांनी उभ्यानेच वाचलं, मग बसून परत वाचलं. एवढंच म्हणाले, "आधी एकदा टेप का लावला नाही?" मी म्हटलं, पट्टी होती. त्यांनी भिंतीकडे बघितलं. नोकरीतल्या एकवीस वर्षांत इतकं ओशाळल्यासारखं कधी झालं नव्हतं.

उद्या दहा वाजता जागेवर पाहणी. तिथे वस्तीची खूण निघाली तर वाडी यादीत जाईल आणि खाणीची हद्द मागे सरेल. नाही निघाली तर माझी दोन पानं आणि बाबांची अब्रू दोन्ही फुकट.

शुक्रवार, २८

यादी बंद झाली. आठ नंबर, ठिकाण निश्चित. घरं अकरा. खाणीचे झेंडे काल संध्याकाळी काढले. इंजिनिअर म्हणाला, आमच्याकडे दुसरी टेकडी आहे. माझ्यावर ठपका आला, लेखी. बाबांचा फोटो जागेवरच आहे. पट्टी मी स्वतः उतरवली आणि मोजणीवहीसोबत बांधून कपाटात ठेवली. 'मोजणी कोणी केली' या रकान्यात बाबांच्या नावाखाली आईचं पूर्ण नाव लिहिलं. टाचणी म्हणाला, हुद्दा लिहायचा राहिला. मी म्हटलं, राहू दे.

कालचं लिहायचंय.

गाडीत बसताना शिंपीकाकांना आईचं सगळं सांगितलं आणि बटणाची पुडी परत दिली. गाडी पाणचक्कीपाशी थांबली. पुढे पायी. आईला आणि शिंपीकाकांना तिथेच बसा म्हटलं, तर दोघंही उठून चालायला लागले. साहेब, टाचणी, इंजिनिअर आणि मी टेप घेऊन पुढे. तीन हजार नऊशे शहाण्णव मीटरवर काहीच नव्हतं. गवत आणि लाल झेंडा. मी गवतात गुडघे टेकून हाताने चाचपत सुटलो, साहेबांसमोर. माती, मुळं, पुन्हा माती. इंजिनिअरने घड्याळ बघितलं. मला रडू येईल असं वाटलं.

तासाभराने आई आली, काकांच्या हाताला धरून. काका मध्येच थांबले आणि मागे वळले. तिथून झाडांच्या वर पाणचक्कीचं छप्पर दिसत होतं. आम्ही चौघं पुढे बघत आलो होतो, मागे वळून बघायचं कोणाला सुचलंच नाही. काका छपराकडे बघत, एकेक पाऊल मागे टाकत तीसेक पावलं सरकले आणि त्यांची टाच दगडाला लागली.

उंबरा होता तो. टाचणीने गवत ओढून काढलं. पुढे चौथरा, मग दुसरा, मग विहिरीचा कठडा, दगडांनी भरलेला. साहेबांनी अकरापर्यंत मोजलं.

काका घरामागे गेले. तिथे बोरांच्या झुडपाखाली चार सपाट दगड होते, एकाला एक लावलेले. ते खाली बसले. आम्ही लांब उभे राहिलो. आई मात्र त्यांच्याजवळ गेली आणि गुडघा सांभाळत खाली टेकली.

काका म्हणाले, "मावशी, मला तिचा चेहरा आठवत नाही. फोटो नव्हता. तुम्ही बघितलंत ना तिला?"

आई म्हणाली, "बघितलं. उंच होती, माझ्यापेक्षा वीतभर. समोरचा एक दात आडवा. माझ्या टाचेला फोड आलेला, तर मला इथे उंबऱ्यावर बसवून पाय मांडीवर घेतला. तू रडत होतास, तिचं लक्ष माझ्याकडे गेलं म्हणून. मग मी तुला बटण दिलं."

"बोलली काय?"

आईने दगडावरचा पाला बाजूला केला. "फडकं बांधत होती. म्हणाली, उन्हातान्हाचं एवढं मोजता कशाला, आम्ही कुठे जातोय?"

काकांनी पुडी उघडून बटण आईपुढे धरलं. आईने त्यांची मूठ मिटली आणि तशीच हातात धरून ठेवली. साहेबांना दोनला बैठक होती, पण त्यांनी घाई केली नाही. उतरताना आई माझ्या हाताला धरून चालली होती. ओठ हलत होते. मी विचारलं, किती झाली? म्हणाली, मध्ये बोलू नकोस, चुकेल.